दोन महिन्यांपुरता फ्रीज

घर घेताना आम्ही सगळा विचार केला होता. स्वयंपाकघरात उजेड कुठून येतो, जिना चढताना सासऱ्यांचे गुडघे दुखतील का, पाळणा कुठल्या भिंतीला लावायचा. फक्त चिंगी आम्हाला विचारून येणार नाही, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ती दिवस भरायच्या आधीच आली, तेव्हा स्वयंपाकघरात ओटा नव्हता, नळाखाली बादली होती आणि जिथे मोठा फ्रीज भिंतीत बसणार होता तिथे सुताराच्या फळ्या रचलेल्या होत्या. सुतार म्हणाला, "ताई, दोन महिने धरून चाला." सुताराचे दोन महिने म्हणजे काय असतात, ते ज्यांनी घर केलंय त्यांना सांगायला नको.

जुन्या घरातला फ्रीज घरमालकाचा होता, तो तिथेच राहिला. नव्या इमारतीत आमच्या मजल्यावर अजून कुणी राहायला आलं नव्हतं, त्यामुळे शेजारणीचा फ्रीज हाही प्रकार नव्हता. एरवी याचं मला काही वाटलं नसतं. गार पाण्यावाचून कुणी मरत नाही. पण चिंगी दवाखान्यात काचेच्या पेटीत होती, आणि तिचं पोट माझ्या घरातल्या गारव्यावर अवलंबून होतं.

तिला अजून चोखता येत नव्हतं. नाकातल्या बारीक नळीतून तिला दूध द्यायचे. एकदा पावडरचं दूध दिलं तर पोट असं फुगलं की सगळी धावपळ झाली. तेव्हापासून डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं, आईचंच दूध, दुसरं काही नको. बाळांच्या आयांना रात्री तिथे राहायला जागा नव्हती. म्हणजे मी घरी पंपाने दूध काढायचं, बाटलीत भरायचं, गार ठेवायचं आणि रात्रीपुरतं संध्याकाळी पोचवायचं. माझं दूध आधीच कमी. काळजीने आणखी कमी व्हायचं, आणि ते कमी झालं की काळजी वाढायची. मी बर्फाच्या डब्यात बाटल्या ठेवत होते. एक दिवस त्या विभागातल्या मोठ्या नर्सबाईंनी डबा उघडला, आतलं पाणी पाहिलं आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"फ्रीज नाही तुमच्याकडे?"

"येतोय. दोन महिन्यांनी."

"आणि हिनं तोवर काय करायचं?"

फ्रीज त्याच दिवशी हवा होता. नवीन घ्यायचा तर घराने आमचा खिसा आधीच झाडून घेतला होता, आणि दोन महिन्यांनी त्याचं करायचं काय? नवरा बस चालवतो. चिंगीच्या वेळी त्याची होती नव्हती ती सगळी रजा संपली होती. फोनवर तो म्हणाला, "जुना बघ एखादा, स्वस्तातला. बाबांना घेऊन जा."

"बाबांना?" मी म्हटलं.

"अगं, यंत्रातलं कळतं त्यांना."

यंत्रातलं त्यांना कळायचं ते एवढंच की ती बंद कशी करतात. सासरे उभा जन्म एका कापडाच्या कारखान्यात होते. सगळे घरी गेले की शेवटी एकट्याने फिरून प्रत्येक यंत्र, प्रत्येक दिवा, प्रत्येक पंखा बंद झालाय हे बघायचं आणि मग मोठा खटका पाडून कुलूप लावायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या उमेदवारीत कुणीतरी एक मोटर चालू सोडली आणि अख्खा एक विभाग जळाला होता. ती आग त्यांच्या मनातून कधी विझली नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी तीच फेरी घरात सुरू केली. बाहेर पडायचं म्हटलं की खोलीखोलीत जाऊन, "हे बंद, हे बंद, हेही बंद," असं मोठ्याने म्हणायचे आणि शेवटी दाराशी मेन स्विच खाली करायचे. मी शेवटची बाहेर पडले तर जिन्यावरून परत येऊन बघायचे. जुन्या घरात फ्रीज घरमालकाच्या मीटरवर होता म्हणून तेवढा त्यांच्या तावडीतून सुटला होता. नवऱ्याने आणि मी त्यांचं नाव पाडलं होतं, मेनस्विच. अर्थात त्यांच्या मागे.

जुन्या वस्तूंच्या दुकानात फ्रीज ओळीने उभे होते, सगळ्यांची दारं उघडी. दुकानदार बोलघेवडा होता. त्याच्याकडचा प्रत्येक फ्रीज एकट्या राहणाऱ्या बाईंचा होता आणि त्या बाईंनी तो जेमतेम वापरला होता. अशा इतक्या बाया एका गावात कुठून आल्या हे त्यालाच ठाऊक.

"हा घ्या वहिनी, डोळे झाकून घ्या."

"डोळे झाकून काय घ्यायचं?" सासरे म्हणाले. "लाव तो आधी."

त्यांनी फ्रीजच्या पाठीला कान लावला आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झालं, आता इथेच झोपणार. पहिल्याला म्हणाले, "दम लागतोय याला." दुसऱ्याचं दार नीट मिटत नव्हतं. तिसरा जेमतेम माझ्या कमरेएवढा होता, मळकट पांढरा, दारावर कुठल्यातरी पोराने चिकटवलेल्या चित्रांचे खरवडलेले डाग. त्याला त्यांनी कान लावला, मागे तळहात ठेवला, आणि तसेच उभे राहिले.

माझी दूध काढायची वेळ टळून चालली होती. छाती दगडासारखी झाली होती, कपडे ओले व्हायला लागले होते, आणि हे गृहस्थ फ्रीजशी हितगुज करत होते. मी कुजबुजले, "बाबा, उरका ना."

"थांब गं. तो एकदा आपणहून थांबतो का, आणि परत आपणहून चालू होतो का, बघू दे. नुसता चालतो त्याच्यावर जाऊ नये."

थांबला एकदाचा. बऱ्याच वेळाने अंगात आल्यासारखा हलला, खडखडला आणि परत चालू झाला. सासरे माझ्याकडे वळून पहिल्यांदाच हसले. "हा घे."

भाव करताना मात्र दोघांनी एकमेकांना दमवलं. शेवटी आमच्या खिशाला झेपेल एवढ्यावर सौदा पटला. आम्ही निघताना दुकानदार मागून ओरडला, "उभाच न्या! आडवा झाला तर संध्याकाळपर्यंत उभा ठेवा, मगच लावा. नाहीतर मोटरमधलं तेल वर चढेल आणि बसेल रडत."

टेम्पोवाल्याने मान डोलावली, आणि आमच्या इमारतीच्या अलीकडे खाली उतरलेल्या केबलखालून जाताना कुणाला न विचारता फ्रीज आडवा घातला. मी मागून रिक्षातून येत होते. ते दृश्य बघून मी रिक्षातच ओरडले. काय उपयोग?

मग ती दुपार. फ्रीज हॉलच्या कोपऱ्यात उभा, पिन बाहेर. मी दूध काढून बाटली बर्फाच्या डब्यात ठेवलेली, आणि बर्फ माझ्या डोळ्यांदेखत पाणी होत चाललेला. मी दर थोड्या वेळाने म्हणायचे, "बाबा, आता लावू?" ते खुर्ची घालून फ्रीजपाशी बसले होते. "आता नाही." मी चिडले. म्हटलं, "तुम्हाला बंद ठेवायचं म्हटलं की उत्साह." ते उठले, जिना उतरून गेले आणि कोपऱ्यावरच्या सरबतवाल्याकडून बर्फाची पिशवी छातीशी धरून घेऊन आले. सदरा पार भिजला होता.

संध्याकाळी त्यांनी पिन लावली. फ्रीज थरथरला, आत दिवा लागला, आणि माझा जीव भांड्यात पडला. मी बाटली आत ठेवली. पांढऱ्या रिकाम्या कप्प्यात एवढीशी बाटली. दार लावल्यावरही मी तिथेच उभी राहिले.

त्याचा आवाज भयंकर होता. गुरगुरायचा, मधेच खोकल्यासारखा खडखडायचा, मग गप्प. गप्प झाला की माझे कान उभे राहायचे. मी अंथरुणातून उठून हात लावून बघायचे. परत गुरगुरला की झोप लागायची. नवरा म्हणाला, "तू चिंगीचं रडणं ऐकायला उठायचं, ते सोडून फ्रीजचं ऐकायला उठतेस." त्याने गंमत केली होती. मला रडू आलं, कारण चिंगीचं रडणं मी अजून ऐकलंच नव्हतं. ती इतकी अशक्त होती की तिचा आवाजच निघत नव्हता.

बटणावर मी चिकटपट्टी लावली. नुसती नाही, तीन-चार पदरी. आणि सासऱ्यांना उभं करून दाखवली. "बाबा, याला हात लावायचा नाही."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" ते जरा दुखावूनच म्हणाले. पण मी पाहिलं, रोज सकाळी जाता-येता ते ती पट्टी अंगठ्याने दाबून बसवायचे. सुटायला नको म्हणून.

असे दिवस चालले होते. घरात कुणी ना कुणी असायचं. मी दवाखान्यात गेले तर सासरे घरी, ते बाजारात गेले तर मी. माझं दूध थोडं वाढलं. एक दिवस तर कप्प्यात तीन बाटल्या एका ओळीत उभ्या होत्या. इतकी श्रीमंती मी उभ्या आयुष्यात अनुभवली नव्हती.

मग नर्सबाईंचा फोन आला. आज चिंगीला पहिल्यांदा पेटीतून काढून माझ्या छातीवर ठेवणार होते. नवऱ्याने कुणाशी तरी पाळी बदलून घेतली. "बाबा, तुम्हीही चला," तो म्हणाला. "काचेतून तरी बघाल नातीला." त्या विभागात आईबापांखेरीज कुणाला सोडत नसत. काचेतून बघायचं तर पडदा सरकवलेला हवा, आणि तो असेल नसेल. सासऱ्यांनी तिला अजून एकदाही पाहिलं नव्हतं. त्यांनी इस्त्रीचा सदरा काढला, दाढी केली, गालाला कापून घेतलं.

आम्ही घाईत निघालो. मी एक बाटली घेतली, दोन रात्रीसाठी फ्रीजमध्ये ठेवल्या. खाली जाताना मागून "हे बंद, हेही बंद" ऐकू आलं. मी जिन्यातून ओरडले, "बाबा, फ्रीज!" वरून आवाज आला, "पट्टी पाहिली गं, आहे जागेवर!"

चिंगी माझ्या छातीवर मुठीएवढी होती. तिचा श्वास मला माझ्या त्वचेवर कळत होता. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही, लिहायला गेले तर थांबणार नाही. सासऱ्यांना मात्र काही दिसलं नाही. पलीकडच्या पेटीतल्या बाळाला काही करायचं होतं म्हणून पडदा सगळा वेळ ओढलेला राहिला. ते बाहेरच्या बाकावर बसून होते. आम्ही बाहेर आल्यावर म्हणाले, "असू दे. पुढच्या वेळी."

उन्हं उतरली होती. नवरा आम्हाला सोडून पाळीवर गेला. मी जिना चढले ती जवळजवळ तरंगतच. कुलूप उघडलं, आत पाऊल टाकलं, आणि थांबले.

घर गप्प होतं.

मी स्वतःला म्हटलं, तो थांबला असेल, थांबतो तो. मी फ्रीजचं दार उघडलं. आत दिवा लागला नाही. बटणावरची पट्टी जशीच्या तशी, खाली दाबून बसवलेली. मी मागे वळले. सासरे दाराशी मेन स्विचखाली उभे होते आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. खटका खाली होता.

"मी पट्टी पाहिली," ते म्हणाले. "सूनबाई, पट्टी पाहिली मी. मग दाराशी आलो, आणि हात..."

"मेनस्विच!" मी किंचाळले. "मेनस्विच आहात तुम्ही, नुसते मेनस्विच! आम्ही उगाच नाही म्हणत तुम्हाला!"

बाण सुटला होता. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की हे नाव त्यांनी आधी कधी ऐकलं नव्हतं, आणि ते कुणी पाडलं, कधीपासून, कशासाठी, हे सगळं त्यांना एका क्षणात समजलं. त्यांनी वर हात केला, खटका चढवला. फ्रीज खोकला आणि गुरगुरायला लागला. आता काय उपयोग त्याचा?

मी बाटल्यांना हात लावला. अगदी कोमट नव्हत्या. थोड्या गार होत्या, की मला तसं वाटून घ्यायचं होतं? मी वास घेतला. दुधासारखा वास. मी नर्सबाईंना फोन केला. किती वेळ बंद होता ते सांगितलं, बाहेर किती उकडतंय ते त्यांना माहीत होतं. त्या म्हणाल्या, "एरवीच्या बाळाचं वेगळं. हिच्या बाबतीत मला शंका नको. ओता ते. आणि जेवढं निघेल तेवढं ताजं घेऊन या."

मी दोन्ही बाटल्या बादलीत ओतल्या. एवढुसं तर दूध, पण ओतताना ते संपता संपेना. मग खोलीचं दार लावून पंप घेऊन बसले. काही येईना. अंग सगळं आखडून गेलं होतं. मी डोळे मिटून चिंगीचा श्वास आठवायचा प्रयत्न केला, तर मधेच तो खाली पडलेला खटका दिसायचा. रात्री हिला काय देतील, पावडर देतील, परत पोट फुगेल, याच्यापुढे विचार जात नव्हता. बाहेर सासऱ्यांच्या चपला वाजल्या. दार उघडून मिटलं. मला वाटलं, गेले रागावून. जाऊ देत, म्हटलं.

बऱ्याच वेळाने दारावर टकटक झाली. "अगं, आत येत नाही मी. दाराशी ठेवलंय."

दाराबाहेर गरम पाण्याची पिशवी होती, टॉवेलात गुंडाळलेली. सासूबाई गेल्यापासून ही पिशवी कुठल्या खोक्यात होती देव जाणे. आमची निम्मी खोकी अजून उघडलेलीही नव्हती. पाणी ते खालून, सरबतवाल्याच्या शेजारच्या चहावाल्याकडून उकळून घेऊन आले होते. मी ती छातीशी धरली आणि मोठमोठ्याने रडले. रडणं थांबल्यावर हळूहळू दूध यायला लागलं. भरपूर नाही. पण आलं.

ती बाटली घेऊन मी एकटीच गेले. नर्सबाईंनी ती उजेडात धरली आणि म्हणाल्या, "भागवू." रात्रभर मी फोन उशाशी घेऊन पडले. सकाळी फोन लावला तर, झोपलीय म्हणाल्या, पोट मऊ आहे.

त्या दिवसापासून सासरे घराबाहेर पडले नाहीत. बाजार नाही, फिरणं नाही. खुर्ची फ्रीजपाशी ओढली ती तिथेच राहिली. मी निघाले की विचारायचे, "चाललीस?" आणि मी म्हटलं, "तुम्ही येता?" तर मान हलवायचे. "इथं कुणीतरी हवं." मी दोनदा माफी मागितली. दोन्ही वेळा ते म्हणाले, "तुझं काय चुकलं?" त्यांच्या तोंडून ते ऐकणं ओरडा खाण्यापेक्षा वाईट होतं. पडदा उघडा असायचा, नवरा तिला बघून यायचा, बाबांना फोटो दाखवायचा. ते फोटो लांब धरून बघायचे आणि म्हणायचे, "छान आहे." मग फ्रीजला कान लावायचे.

चिंगी चोखायला शिकली. आधी दमून जायची, मग दमेनाशी झाली. शेवटचे काही दिवस आयांसाठी एक खाट मिळाली, मी तिथेच राहिले. बाटल्या लागेनाशा झाल्या. आणि एक दिवस डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उद्या घरी.

सकाळी मी कपडे घ्यायला घरी आले. सुतार ओट्याखाली पाय पसरून ठोकत होता. त्याचे दोन महिने अजून चालूच होते. सासरे खुर्चीत होते. मी फ्रीज उघडला. आत दिवा, आणि पांढरे रिकामे कप्पे. एक साधी पाण्याची बाटलीसुद्धा त्यांनी आत ठेवली नव्हती.

"बाबा, रिकामाच आहे हा."

"माहीत आहे."

"मग कशापाशी बसलात इतके दिवस?"

त्यांनी अंगठ्याने चिकटपट्टी दाबली.

"चला," मी म्हटलं. "तिला आणायला. आज पडदा नाही नि काच नाही. तुमच्या हातात देणार आहे मी."

"माझ्या हातात?" त्यांनी त्याच उजव्या हाताकडे पाहिलं. "नको गं. तू घे, मी दार उघडायला थांबतो."

"तुमच्याच हातात. उठा."

ते उठले. त्यांचा इस्त्रीचा सदरा खुंटीवरच होता, त्या दिवसाचा. सुताराला मी डबा खायला खाली पाठवलं. खालून नवऱ्याने हाक मारली. मी दाराबाहेर उभी राहिले आणि मुद्दामच काही बोलले नाही. सासरे दाराशी आले. सवयीने हात मेन स्विचकडे गेला आणि तिथेच हवेत थांबला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला बघवेना.

"करा ना बंद," मी म्हटलं. "आता काय हरकत आहे? खरंच करा, बाबा."

आतून फ्रीजची गुरगुर येत होती. हॉलचा दिवा चालू होता, खोलीतला पंखा चालू होता, पाळण्यावरचा छोटा दिवा त्यांनी स्वतःच लावून ठेवला होता. त्यांनी एकदा सगळीकडे नजर फिरवली. मग हात खाली घेतला.

"बंद करायचं ते सगळे गेल्यावर," ते म्हणाले. "आज कुणीतरी येतंय."

त्यांनी दार ओढलं, कुलूप घातलं, एकदा ओढून पाहिलं, आणि गुडघे सांभाळत माझ्या पुढे जिना उतरायला लागले.